बिनमिठाचा हिवाळा

९ नोव्हेंबर

आज मालकीणबाईंनी माझं कौतुक केलं. चारचौघांत केलं. माझ्या बाबतीत असं वरचेवर होत नाही, म्हणून आधी ते लिहून टाकतो.

डोंगरावरचं गवत संपलं. चारा आणि खुराक विकत घ्यायचा तर दुधाचं सगळं त्यातच जातं. निम्म्या शेळ्या काढून टाकायचं चाललं होतं. मी रोज दुधाच्या गाडीवर खाली जातो, तेव्हा वाटेत कोबी भरायची शेड लागते. तिथे गड्डे साफ करून खोक्यांत भरतात आणि वरची पानं मागच्या बाजूला फेकतात. त्याचा ढीग छपराला लागलाय. शेडचा राखणदार म्हातारा आहे, गळ्याला पेरूएवढी गाठ. इथे वरच्या वस्तीत बऱ्याच म्हाताऱ्यांना आहे तशी. त्याला विचारलं, पानं नेऊ का? म्हणाला, "ने बाबा. नाहीतर हा वास एक दिवस मलाच घेऊन जाईल."

येताना गाडी भरून आणली. शेळ्या अशा तुटून पडल्या की गव्हाणीचं लाकूड तेवढं उरलं.

मालकीणबाई म्हणाल्या, "चौथी शिकलेल्याला सुचलं, आणि आम्ही बसलोय कपाळाला हात लावून." मी म्हणालो, "पाचवीत गेलो असतो तर मलाही सुचलं नसतं." त्या हसल्या. म्हणाल्या, सगळा हिवाळा पानांवर निघाला तर येणाऱ्या करडांतल्या दोन पाठी तुझ्या. दोन मादी करडं, माझ्या स्वतःच्या! आजवर माझ्या मालकीचा फक्त कंगवा होता.

ताई म्हणाली, "भिंगरी, आता तरी एका जागी टिकशील." वीटभट्टी सोडली, हॉटेल सोडलं, ट्रकवर क्लीनर झालो तो ट्रकही सोडला, म्हणून तिने हे नाव ठेवलंय. इथे तिच्याच भरवशावर आलो. दाजी या गोठ्याचे मुख्य. ताईला दिवस गेलेत. तिसरी वेळ. आधीची दोन्ही पोटातच गेली, त्यामुळे यावर घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. हे एक हाती लागू दे. पाठी नाही मिळाल्या तरी चालतील.

(लिहिलं खरं. पण मिळाल्या तर बरं.)

२१ नोव्हेंबर

गोठ्यात तारेला खाराच्या, म्हणजे मिठाच्या, लाल विटा टांगलेल्या असतात. शेळ्या येता-जाता चाटतात. आज दाजींनी त्या सगळ्या काढून कोठीत ठेवल्या.

विचारलं, का? तर म्हणाले, "शेळ्या गाभण आहेत ना पाहुणे. गाभण जनावराने खार चाटला की पाणी ढोसतं. पाणी ढोसलं की अंग सुजतं आणि गाभ पडतो. आमच्या वडिलांचा नियम आहे. दर हिवाळ्याला काढतो, एक करडू कधी वाया गेलं नाही."

दाजींचा हात जनावरावर फार हलका आहे. आडवं आलेलं करडू ते बोटांनीच वळवतात आणि शेळी ओरडतसुद्धा नाही. त्यामुळे मी पुढे काही बोललो नाही. मला काय कळतं?

६ डिसेंबर

ताईच्या तोंडाला चव नाही. भाताचा वास आला तरी उठून जाते. फक्त कोबी चालतो. मी शेडमधून डागी गड्डे आणतो, ते ती विळीवर चिरायच्या आधीच आतला कोवळा गाभा काढून कचाकचा खाते. राखणदाराला सांगितलं तर तो खूश झाला. आता निवडून गड्डे बाजूला ठेवतो. म्हणतो, "दोन जिवांची आहे, खाऊ दे." मला बरं वाटतं. बहिणीच्या घरात फुकट खाणारा भाऊ नको व्हायला.

तिचे पाय सुजलेत. दाजींनी आजपासून तिचं मीठ बंद केलं. ताई चिडली.

"मला काय गाभण शेळी समजता?"

"शेळी बरी. उलट बोलत नाही."

"बोलत नाही म्हणून तुम्हाला वाटतं तिला कळत नाही."

मी हसलो तर दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की ताट उचलून बाहेर जाऊन जेवलो.

पण दाजींचं काही चुकतंय असं नाही. रात्री तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसतात. मागच्या दोन्ही वेळीही असंच जपलं होतं, म्हणे. मीठ, तिखट, सगळं बंद करून.

२८ डिसेंबर

आज एक गंमत झाली. कोठीत पोतं आणायला गेलो तर ताई कोपऱ्यात उभी, हातात लाल विटेचा ढलपा. चाटत होती! मला बघून लहान पोरासारखा पाठीमागे लपवला.

"ताई, तू पण?"

"कुणाला सांगू नकोस. जीव नुसता मिठावर गेलाय. स्वप्नात मीठ येतं."

मी इतका हसलो की पोत्यावर बसावं लागलं. जेवताना मला राहवलं नाही, दाजींना सांगितलं. मला वाटलं तेही हसतील. ते उठले, ढलपा कुठे ठेवलाय ते तिच्याकडून काढून घेतलं आणि कोठीला कुलूप लावलं. ताई माझ्याशी बोलली नाही. भांडी घासताना तिचा हात मधेच थांबायचा, जणू पुढे काय करायचं ते विसरली.

एवढ्या थट्टेवर कुणी एवढं मनाला लावून घेतं का?

१७ जानेवारी

थंडी कडक. ताई दोन शाली घेऊन चुलीला चिकटलेली असते, तरी गार लागतं म्हणते. दिवसाही झोपते. आवाज बसलाय. मी म्हणालो, राखणदारासारखी बोलायला लागलीस. पोलक्याचं गळ्याचं बटण तुटलं तर तिने लावलं नाही, घट्ट होतं म्हणाली. गरोदरपणात बायका अंगाने भरतात हे माहीत होतं, मानेने पण भरतात हे आत्ता कळलं.

शेळ्यांची पोटं मस्त दिसतात. माझ्या पाठी कोणत्या शेळीच्या घ्यायच्या ते मी ठरवलंय. काजळी नावाची एक आहे, डोळ्यांना काळी कड. तिच्याच.

४ फेब्रुवारी

काजळी व्याली. दोन करडं. दोन्ही मेलेली.

लिहू नये असं वाटतं, पण डोळ्यांपुढून जात नाही. अंगावर केस नव्हते. गुलाबी, ओली, उघडी कातडी, उंदराच्या पिल्लासारखी. आणि गळा सुजलेला. दाजींनी गळ्यावर बोट ठेवलं आणि लगेच काढलं. त्यांचा हात मागे येताना मी पहिल्यांदा बघितला.

"पहिलटकरीण आहे. होतं असं," म्हणाले. काजळी पहिलटकरीण नाही.

७ फेब्रुवारी

आणखी चार शेळ्या. एक करडू जिवंत निघालं, पण उभं राहिलं नाही. मी त्याला कोटात घेऊन चुलीपाशी बसलो. ओरडायचंसुद्धा नाही, नुसतं तोंड उघडायचं. दुपारी गेलं. ताई शेजारी बसून बघत होती. तिने त्याच्या गळ्याला हात लावला आणि मग तोच हात आपल्या शालीत घेतला.

दाजी म्हणाले, "पानांवर फवारा मारलेला असणार. विष घातलंस तू माझ्या शेळ्यांना."

मी तिरमिरीत शेडवर गेलो. म्हाताऱ्याची कॉलर धरली. तो म्हणाला, "अरे, पानांवर विषारी फवारा असता तर तुझ्या शेळ्या पहिल्याच आठवड्यात मेल्या असत्या. आणि मी रोज हाच कोबी खातो की!" मी कॉलर सोडली. त्याची गाठ माझ्या मुठीला लागली होती. मऊ होती. मला किळस आली आणि मग किळस आली म्हणून लाज वाटली.

मालकीणबाई दोन पाठींबद्दल काही बोलल्या नाहीत. मीही नाही. त्यांनी तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलंय.

९ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणजे बाई निघाल्या. बूट घालून थेट गोठ्यात. आज सकाळचं मेलेलं करडू फळीवर घेतलं आणि गळा उघडला. आत यकृतासारखे काळपट लाल दोन गोळे, लिंबाएवढे. "नखाएवढं असायला हवं हे," म्हणाल्या.

मग विचारलं, काय खायला घालता? मी सांगितलं. आणि खार? दाजींनी सांगितलं. बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

त्यांनी सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. गळ्यात एक ग्रंथी असते, अंगातली ऊब, वाढ, केस, सगळं तिच्या जोरावर. तिला आयोडीन लागतं. ते कणभरच लागतं, पण त्यावाचून चालत नाही. इथले डोंगर पावसाने धुऊन निघालेत, माती-पाण्यात आयोडीन नावालाच. विकतच्या खुराकात आणि लाल विटेत ते घातलेलं असतं. आणि कोबीच्या पानांत असं काहीतरी असतं की ते आहे तेवढं आयोडीनही ग्रंथीपर्यंत पोचू देत नाही. ग्रंथी बिचारी फुगत जाते. पोटातल्या करडाला तर काहीच मिळत नाही.

"म्हणजे कोबी विष?" मी विचारलं.

"पानात वाढला तर भाजी. सकाळ-संध्याकाळ तोच आणि दुसरं काही नाही, तर विष."

दाजी म्हणाले, "विटा मी दर वर्षी काढतो. कधी काही झालं नाही."

"दर वर्षी खुराक होता. खुराक असता तर विटेवाचून निभावलं असतं. वीट असती तर कोबी थोडाफार पचला असता. तुम्ही दोघांनी मिळून दोन्ही दारं लावलीत."

मग त्यांनी भिंतीवरच्या फळीवरची बाटली उचलली. ते आयोडीनच होतं, करडाच्या नाळेला लावायचं. इतके दिवस आमच्या डोक्यापाशी. उरलेल्या गाभण शेळ्यांच्या जांघेतले केस कापून तिथे ते बोळ्याने चोळायला सांगितलं. कातडीतून आत जातं म्हणे. पानं बंद, खुराक सुरू, विटा परत तारेला.

एवढ्यात ताई चहा घेऊन आली. बाई कप घ्यायचं सोडून तिच्या उघड्या बटणाकडेच बघत राहिल्या. मग विचारायला लागल्या. कितवा महिना? थंडी वाजते का? झोप फार येते का? बद्धकोष्ठ? मला तर जमिनीकडे बघावं लागलं.

"मीठ कोणतं खाता?"

"खात नाही."

"आणि भाजी?"

ताई हसली. "हीच. शेळ्यांच्यातली."

बाई दाजींना म्हणाल्या, यांना उद्याच्या उद्या दवाखान्यात न्या. दाजींचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "बाई, तुम्ही जनावरांच्या डॉक्टर आहात. माझी बायको जनावर नाही." बाई एवढंच म्हणाल्या, "गळा दोघांनाही असतो."

त्या गेल्यावर दाजी बराच वेळ धुमसत होते. मलाही ते बोलणं उर्मटच वाटलं. शेळीच्या शेजारी माझ्या बहिणीला उभं केलं.

१० फेब्रुवारी

सकाळी मी चुलीपाशी होतो. ताई मान मागे टाकून तांब्याने वरून पाणी प्यायली. घोट गिळताना गळ्यात काहीतरी वर गेलं आणि खाली आलं. परत घोट. परत वर, परत खाली.

भरल्यामुळे जाड झालेली मान अशी वर-खाली होत नाही.

माझ्या हातातलं लाकूड पडलं. मी दाजींना हाक मारली. म्हणालो, आत्ता निघायचं. ते म्हणाले, आठवा लागलाय, डोंगरउताराच्या गाडीत हिसके बसतात, मागच्या दोघांच्या वेळी मी तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता.

"आणि ती दोघं कुठे आहेत?" मी बोलून गेलो.

दाजींनी माझ्या कानाखाली वाजवली. मी त्यांना ढकललं. ते म्हणाले, कोबी कुणी आणला? मी म्हणालो, मीठ कुणी तोडलं? ते म्हणाले, चार दिवसांचा पाहुणा मला शिकवतो. मी म्हणालो, वडिलांचा नियम घाला चुलीत. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक.

ताई मधे आली. आवाज बसलेला, त्यामुळे ओरडता येत नव्हतं, म्हणून आम्हालाच गप्प बसावं लागलं.

"ह्याचा कोबी मी खाल्ला. तुमचं मीठ मी सोडलं. माझा जीव मीठ मीठ करत होता, ते दोघांना माहीत होतं. एकाने हसण्यावारी नेलं, एकाने कुलूप लावलं. आता दोघं मिळून ठरवताय माझं काय झालं ते?"

तिने शाल घेतली आणि जाऊन दुधाच्या गाडीत पुढच्या जागेवर बसली. मी मागे कॅनजवळ चढलो. गाडी सुरू झाली तेव्हा दाजी धावत आले, हातात घोंगडी. तिच्या पाठीशी ती घडी करून ठेवली आणि स्वतः माझ्याशेजारी कॅनला धरून बसले.

१२ फेब्रुवारी

रक्त तपासलं. ग्रंथी फार मंद झालीय. रोज उपाशीपोटी एक गोळी आणि पुडीतलं आयोडीनचं मीठ. पाय का सुजतात तेही बघितलं. मीठ तोडून ते उतरणार नव्हतेच, म्हणाले.

बाळाचे ठोके आहेत. मी मशीनवर ऐकले. डॉक्टर म्हणाले, हळू आहेत पण आहेत. बाळाच्या गळ्याचं काय, विचारलं. म्हणाले, बाहेर आल्यावर बघू. बरंचसं नुकसान आधीच्या महिन्यांत होऊन गेलेलं असू शकतं, ते आज सांगता येणार नाही.

तेव्हा दाजींनी विचारलं. इतक्या हळू की डॉक्टरांना परत विचारावं लागलं. "आधीची दोन… ती पण यानेच?"

डॉक्टर म्हणाले, आता तसं सांगता येत नाही.

दाजी मान हलवत राहिले. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले तरी हलवत होते.

२६ फेब्रुवारी

ताई खालीच, दवाखान्याजवळ खोली घेतलीय. दाजी तिच्याजवळ, गोठा माझ्यावर. माझी बोटं आयोडीनने तपकिरी झालीत, साबणाने जात नाहीत. आज म्हातारी शेळी व्याली. करडाला केस आहेत, विरळ. गळा थोडा जाड. उभं राहिलं, पडलं, परत उभं राहिलं. मी एकटाच होतो. टाळी वाजवली.

शेडवर जाऊन राखणदाराची माफी मागितली आणि पुडीचं मीठ दिलं. तो म्हणाला, "ह्या वयात गाठ कुठे जाते? राहू दे, सोबत आहे." पण पुडी ठेवून घेतली.

वीटभट्टीवरच्या जुन्या दोस्ताचा निरोप आलाय, बंदरावर काम आहे, ये. दोन महिन्यांपूर्वी आला असता तर बॅग उचलली असती. आताही उचलावीशी वाटली. इथे प्रत्येक गव्हाण माझ्याकडे बघते. बॅगेत कपडे भरले. मग शेळ्यांची वेळ झाली म्हणून उठलो.

२२ मार्च

मुलगी झाली. जिवंत.

दाजींनी तिला हातात घेतलं आणि सवयीने बोट गळ्याकडे गेलं. तिथे पोचायच्या आत थांबलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू बघ." मी बघितलं. आहे. छोटी, मऊ, पण आहे.

तपासायला तिच्या टाचेतून रक्त घेतलं.

२९ मार्च

टाचेच्या रक्ताचा निकाल आम्हाला वाटलं होतं तोच, ग्रंथी मंद. तिलाही गोळी सुरू केली. एवढीशी गोळी, तिचा चुरा करून आईच्या दुधात, चमच्याने. ते काम दाजींनी घेतलंय. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. कण चमच्याला चिकटला तर परत दूध घालून तो पाजतात.

ती फार झोपते. अंग पिवळट. दूध ओढताना मधेच दमते आणि तशीच झोपून जाते. वॉर्डातल्या बायका येऊन बघतात, म्हणतात, "किती गुणी बाळ! आवाज म्हणून नाही. आमचं बघा, छप्पर डोक्यावर घेतं." ताई हसून मान डोलावते. बायका गेल्या की भिंतीकडे तोंड करते. मी त्या चुलीपाशीच्या करडाबद्दल तिच्याशी कधीच बोललो नाही. गरजही नाही, ती शेजारीच बसली होती.

डॉक्टरांना विचारलं, बरी होईल ना? म्हणाले, गोळी लवकर मिळाली हे चांगलं. ऊब येईल, वजन येईल. डोक्याचं मात्र ती बसायला लागली, बोलायला लागली की कळेल. वाट बघा.

वाट बघणं हे काम मी आजवर कुठेच केलेलं नाही.

८ एप्रिल

बाळाला अजून दवाखान्यातून सोडलेलं नाही. आज दुपारी मी वॉर्डात डबा घेऊन गेलो. ताई आंघोळीला गेली होती, दूध द्यायची वेळ टळली होती. दाजी चमचा धूत होते. मी पाळण्याशी बसून माश्या हाकत होतो.

ती हलली. कपाळाला आठी घातली. तोंड उघडलं. मी तयार होतो, नुसतंच उघडेल म्हणून.

रडली. आधी घोगरं, गंजलेल्या बिजागरीसारखं, मग श्वास घेऊन जोरात, मग त्याहून जोरात. हातपाय झाडत, लाल होत, भुकेने, रागाने. दाजींच्या हातातला चमचा फरशीवर वाजला. ताई ओल्या केसांनी धावत आली आणि दारातच उभी राहिली.

पलीकडच्या खाटेवरची बाई कुरकुरली, "अहो, घ्या की तिला! कुणी गप्प करेल का?"

आम्ही तिघंही ऐकत राहिलो.